खरं ते खऱ्यासारखं दिसू द्या

नागपुरात मानेवाडा रोडच्या आतल्या गल्लीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि बाहेर झेरॉक्सचा बोर्ड. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची झाली, तेव्हापासून वर्ष संपेपर्यंत मी शटर वर करायच्या आधीच बाया पायरीवर येऊन बसलेल्या असायच्या. त्यातल्याच एक मावशी, चार घरी पोळ्या करणाऱ्या, एक दिवस म्हणाल्या, "भाऊ, केवायसी झाली माझी. फक्त पावती काढून दे." आणि फोन माझ्या हातात दिला. भिशीच्या ग्रुपवर आलेली लिंक त्यांनी उघडली होती. नाव टाकलं होतं, आधार नंबर टाकला होता, बँकेचा खाते क्रमांकसुद्धा टाकला होता, आणि खाली हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' असं उमटलं होतं. पान सरकारचं नव्हतं.

मी तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "नाव तर लाडकी बहीणच होतं ना वरती," त्या म्हणाल्या. "शिक्का पण होता सरकारचा. मंग मले कसं समजन?"

त्यांचे पैसे गेले नाहीत. त्याच दुपारी त्यांना बँकेत पाठवलं, आणि पुढचे काही दिवस कोणी फोनवर बँकेचं, आधारचं नाव घेऊन काही विचारलं तर एक अक्षर सांगायचं नाही, एवढं पक्कं बजावलं. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण योजनेचं खरं संकेतस्थळ 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' या सरकारी पत्त्याखालीच आहे खरं, पण त्याआधीचा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना 'लाडकी'तल्या 'ड'नंतर एक 'ए' घातला आहे. आपण मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो तेव्हा हा 'ए' कोण घालतं? माझ्या दुकानात बसलेल्या पाच बायांना 'लाडकी' लिहायला सांगितलं तर निदान दोन-तीन तऱ्हा निघतील. म्हणजे त्या मावशींनी लिंक बाजूला ठेवून स्वतः पत्ता टाईप करायचा शहाणपणा केला असता, तरी एका अक्षराने खरं पान चुकलं असतं.

इंटरनेटवर सुरक्षित कसं राहावं, याबद्दल आपल्याकडे जे काही बोललं जातं ते सगळं त्या मावशींना उद्देशून असतं. सावध राहा, अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी सांगू नका, लोभात पडू नका. बँकेच्या भिंतीवर तेच, मध्यंतरी फोन लावला की कॉलर ट्यूनमध्येही तेच असायचं. त्यात चूक काही नाही. पण माझं म्हणणं असं आहे की सावधपणा ही सवय आहे, आणि खरं व खोटं वेगळं दिसत असेल तरच ती सवय अंगी लागते. दूध नासलं की वासावरून कळतं, म्हणून आपण वास घ्यायला शिकलो. खऱ्या दुधालाही तोच वास येत असता तर कोणत्या आईने पोराला ते शिकवलं असतं? आज बँका, सरकारी खाती, कंपन्या अशा पद्धतीने वागतात की त्यांचा खरा मेसेज आणि ठगाचा खोटा मेसेज शेजारी ठेवला तर मलाही दोनदा बघावं लागतं. मी दिवसभर हेच काम करतो, तरी.

ओटीपीचंच घ्या. 'कोणालाही सांगू नका' हे वाक्य लहान पोरांनाही पाठ आहे. पण गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस दारात उभा राहून कोड मागतो, आणि तो सांगावाच लागतो, कारण नियमच तसा आहे. कुरिअरवाला मागतो. मोबाईलच्या दुकानात नवं सिम घेताना मागतात. आणि माझ्यासारख्या दुकानात तर दिवसभर हाच आवाज असतो, "काकाजी, कोड आला असेल, सांगा." काकाजी चष्मा कपाळावर चढवून, फोन लांब धरून, सहाही आकडे मोठ्याने वाचतात. बाजूला आणखी चार जण उभे असतात. मी कित्येक वर्षं हे केलं आहे. माणसाला महिन्यातून पाच-सहा वेळा ओटीपी मोठ्याने सांगायची सवय लावण्यात माझाही हात आहे, हे मी इथे स्पष्ट लिहितो. मग एक दिवस 'बँकेतून बोलतोय' म्हणणारा कोणी त्याच सुरात मागतो, आणि काकाजी त्याच सुरात सांगतात.

उपदेश मग काय असायला हवा? ओटीपी कशासाठी आला आहे ते आधी वाचा, हा. मेसेजमध्ये ते लिहिलेलं असतं. पैसे वळते करण्यासाठी आहे की लॉगिनसाठी आहे की सिलिंडर मिळाल्याची खूण आहे, ते त्या दोन ओळींत असतं. पण त्या ओळी बहुतेक वेळा इंग्रजीत असतात. आकडे तेवढे सगळ्यांना वाचता येतात, म्हणून सगळे आकडेच वाचतात. मराठीत एक ओळ, 'हा कोड दिल्यास तुमच्या खात्यातून पैसे जातील', एवढी लिहायला कोणत्या बँकेला काय अवघड आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. योजनेचा फॉर्म मराठीत, जाहिरात मराठीत, आणि ज्या ओळीवर माणसाचे पैसे अवलंबून आहेत तीच नेमकी परक्या भाषेत.

नंबर प्लेटचा किस्सा नागपुरातल्या प्रत्येक घराने अनुभवला आहे. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावायचा आदेश निघाला. राज्याचे तीन विभाग पाडून तीन कंपन्यांना काम दिलं गेलं, आणि बुकिंग ऑनलाइन. एमएच ३१ आणि एमएच ४९ वाल्या जुन्या स्कूटर घेऊन लोक माझ्याकडे आले. ज्यांच्या पोरांनी घरीच शोधायचा प्रयत्न केला होता, ते गोंधळलेले होते. बुकिंगच्या खऱ्या पानांचे पत्तेसुद्धा 'जीओव्ही डॉट इन'वर संपत नव्हते. कंपन्यांची पानं ती, साध्या 'डॉट इन', 'डॉट कॉम'वर संपणारी, मधे विभागाचं काहीतरी संक्षिप्त नाव. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून पायरीपायरीने गेलं की तिथे पोचता येत होतं, पण थेट शोधलं की खरं आणि नकली एकाच रांगेत. नकली पानं निघालीच. त्यांच्यावर पैसे भरणाऱ्यांना मी मूर्ख कसं म्हणू? सरकारी काम सरकारी पत्त्यावरच होतं, एवढा एकच नियम लोकांच्या हाती होता, आणि तोच सरकारने मोडला.

आता पत्ता वाचायचा कसा, हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या अनुभवात हे एक कळलं की निम्मी भीती जाते. आपण मराठी डावीकडून वाचतो आणि पहिल्या शब्दावर विश्वास ठेवतो. लिंकमध्ये पहिला शब्द महावितरणचा दिसला की झालं. पण इंटरनेटचा पत्ता पोस्टाच्या पाकिटासारखा वाचायचा असतो. पाकिटावर वर नाव असतं, मग घर, मग गल्ली, आणि शेवटी गाव व पिन कोड. सॉर्टिंग करणारा माणूस वरचं नाव बघत नाही, तो ४४०० ने सुरू होणारा पिन बघतो आणि पाकीट नागपूरच्या थैलीत टाकतो. वर कोणाचंही नाव लिहिलं तरी पाकीट जायचं तिथेच जातं. तसंच इथे. सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्याच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्यायच्या, त्यानंतर पत्त्यात पहिली तिरपी रेघ जिथे येते तिथे थांबायचं, आणि तिच्या लगेच डावीकडचे दोन-तीन शब्द बघायचे. ते त्या पानाचं खरं गाव. 'महाडिस्कॉम डॉट बिल-अपडेट डॉट एक्सवायझेड' असं असेल, तर ते पान महावितरणचं नाही, कोण्या 'बिल-अपडेट डॉट एक्सवायझेड'वाल्याचं आहे. महावितरणचं नाव त्याने पाकिटावर वर लिहिलं, इतकंच. 'जीओव्ही डॉट इन' हे गाव फक्त सरकारी संस्थांनाच मिळतं. पण टिंबाच्या जागी आडवी रेघ घालून 'जीओव्ही-इन' केलं, तर ते कोणालाही विकत घेता येतं. पोळ्या करणाऱ्या त्याच मावशींना मी हे एका जुन्या पाकिटावर पेनाने रेघा मारून दाखवलं. दहा मिनिटं लागली. नंतर त्यांनी स्वतःच्या फोनमधली भिशीच्या ग्रुपवरची आणखी एक लिंक मला वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "हे गाव भलतंच आहे."

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हेच काम योग्य रीतीने केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'डॉट बँक डॉट इन' असं वेगळं गाव बँकांसाठी जाहीर झालं आणि सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे यावं असं ठरलं. ते नाव बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. आता ग्राहकाला एकच गोष्ट सांगावी लागते, बँकेचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन'वर संपला पाहिजे. याला मी संस्थेने घेतलेली जबाबदारी म्हणतो. पण संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोरून रोज हजारो नागपूरकर जातात, त्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? माझ्या दुकानात येणाऱ्यांपैकी मला तरी अजून एकही असा भेटला नाही ज्याला मी सांगायच्या आधी माहीत होतं. मेसेजच्या बाबतीतही तसंच. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२५ मध्ये मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर लावायला लावलं. 'जी' म्हणजे सरकारी, 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार. फार कामाची खूण आहे ती. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा' हा मेसेज दहा आकडी खाजगी नंबरावरून येतो, त्याला ना नाव असतं ना शेवटचं अक्षर. महावितरण अशा खाजगी नंबरावरून मेसेज पाठवत नाही, हे त्यांनी वारंवार सांगितलं आहे. खूण केली, पण ती ओळखायला शिकवण्याचं काम कोणी आपलं मानलं नाही.

त्या वीज कापण्याच्या मेसेजने आमच्या वस्तीतले एक निवृत्त शिक्षक फसले. उन्हाळ्याचे दिवस, बाहेर पंचेचाळीस अंश, घरात आजारी बायको, कूलर बंद पडला तर काय, ही त्यांची भीती. त्यांनी फोन केला, समोरच्याने एक अॅप टाकायला लावलं आणि दहा रुपये भरून 'बिल अपडेट' करा म्हणाला. ते अॅप त्यांची स्क्रीन तिकडे दाखवत होतं. ओटीपी त्यांनी कोणाला सांगितलाच नाही, त्याची गरजच पडली नाही. पैसे जाताना दिसले तेव्हा सरांनी फोन बंद केला आणि दोन दिवस घरात कोणाला काही बोलले नाहीत. मुलगा काय म्हणेल, सोसायटीतले काय म्हणतील, इतकी वर्षं पोरांना शिकवलं आणि आपणच.

ते दोन दिवस फार महागात पडले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतानाच मधे अडवता येतात. ही यंत्रणा २०२१ पासून याचसाठी उभी आहे. पैसे एकदा एटीएममधून बाहेर पडले की हाती काही राहत नाही. म्हणून फसलेल्या माणसाला हसणं मला गुन्ह्यासारखं वाटतं. 'इतका शिकलेला आणि फसला' हे वाक्य जितक्यांदा आपण चहाच्या टपरीवर बोलतो, तितक्यांदा ऐकणारा कोणीतरी मनात ठरवतो की आपल्याबाबतीत असं घडलं तर कोणाला सांगायचं नाही. ठगाला हवे असतात तेच दोन दिवस.

कायदाही इथे ग्राहकाच्या बाजूने पुरता उभा नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवलं की चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रसंगात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला काहीच सोसावं लागणार नाही. पण ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. सगळा वाद या 'हलगर्जीपणा' शब्दापाशी येतो. सरांनी स्वतः अॅप टाकलं, म्हणजे हलगर्जी. पण आपल्या बँका, विमा कंपन्या, खुद्द काही सरकारी योजना लोकांना मेसेजमधल्या लिंकवरून अॅप टाकायला, पानावर जायला सांगत असतील, तर त्या सवयीला हलगर्जीपणा म्हणायचा अधिकार त्यांना कुठून आला? ज्या संस्थेने आपल्या ग्राहकांना लिंक पाठवली, तिने लिंकवर विश्वास ठेवणाऱ्या ग्राहकाला बेजबाबदार ठरवू नये. हे तत्त्व नियमात यावं असं मला मनापासून वाटतं.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं. लोक लोभाने फसतात, त्याला संस्था काय करणार? शेअर बाजारात महिन्यात दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याच्या ग्रुपमध्ये जाणाऱ्यांबद्दल ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण माझ्या टेबलासमोर येणाऱ्यांत लोभी माणूस कमी दिसतो. वीज कापली जाईल, हप्ता बंद होईल, चालान न भरल्याने गाडी जप्त होईल, पेन्शन अडेल, या भीतीने आणि वेळेत काम उरकावं या जबाबदार स्वभावाने लोक फसतात. चालानच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अॅप टाकणारी फाइल, येते. ती दाबली की फोन एकदा विचारतो, अनोळखी ठिकाणाहून अॅप टाकू का? तिथे 'हो' म्हटलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की ओटीपी आपोआप चोराकडे जातो. खरं चालान परिवहनच्या सरकारी पत्त्यावर गाडीची माहिती टाकून बघता येतं, फाइल लागत नाही. चालान वेळेत भरणारा माणूस हा चांगला नागरिक आहे. त्याच्या चांगुलपणाचाच सापळा केला आहे.

दुसरं उत्तर असं, की मग ऑनलाइन काही करूच नये. इतवारीतला किराणावाला आणि कॉटन मार्केटातला भाजीवाला क्यूआर कोड पुढे करतो, सुट्टे कोणाकडे नसतात. रेशन अंगठ्यावर, शाळेची फी अॅपवर, हयातीचा दाखला चेहऱ्यावर. परत फिरायची वाट राहिलेली नाही.

सवयींबद्दल मी जे सांगतो ते फार थोडं आहे. कोणी आपल्या दारात आणून दिलेल्या वाटेने जायचं नाही, काम खरं असेल तर आपण आपल्या वाटेने जायचं. म्हणजे मेसेज बँकेचा वाटला तर तो बंद करायचा, आणि बँकेचं अॅप स्वतः उघडून बघायचं. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही. वर 'प्रायोजित' लिहिलेलं असतं ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, आणि ती ठगही लावू शकतो. नंबर कार्डाच्या पाठीवर, पासबुकावर, बिलावर छापलेला असतो, तो घ्यायचा. जमत असेल त्याने फोनमधला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवून आपणहून भरणारी सोय, वापरावा. पान नकली असेल तर तो पासवर्ड भरतच नाही, कारण तो डिझाइन बघत नाही, पत्ता बघतो. आधी मी लोकांना सांगायचो की वर पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे पान सुरक्षित. ते चुकीचं होतं. कुलूप एवढंच सांगतं की मधल्या वाटेवर कोणी ऐकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही ते सांगत नाही. कुलपाचं प्रमाणपत्र ठगालाही फुकट मिळतं. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढूनच टाकलं. स्टेशनवरच्या वायफायची भीती मात्र लोक गरजेपेक्षा जास्त बाळगतात, तिच्यापायी रात्र जागवू नका.

आणखी एक गोष्ट, जी मला वयस्कर माणसांच्या फोनमध्ये हमखास सापडते. एक आजी आल्या, फोन दिवसभर टिंग टिंग वाजतो म्हणून. वरून बोट ओढलं तर खाली लांबच लांब रांग. 'फोनमध्ये १३ व्हायरस', 'बॅटरी खराब होत आहे, आता दाबा', 'तुम्हाला बक्षीस'. कधीतरी भजनं शोधताना एका पानाने विचारलं होतं, सूचना पाठवू का? आजींनी 'अनुमती द्या' दाबलं, कारण न दाबता भजन लागेल असं त्यांना वाटलं नाही. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन, साइट सेटिंग, मग सूचना, आणि ज्या पानांना परवानगी दिली होती ती एकेक काढली. दोन मिनिटांचं काम. पण त्या आजी चार महिने 'माझ्या फोनला रोग लागला' असं समजून घाबरत जगत होत्या, नातवाला पैसे पाठवायचेही थांबल्या होत्या. असली भीती कोणाच्या आकडेवारीत येत नाही. तीही नुकसानच आहे.

शासनाकडे आणि बँकांकडे माझं मागणं अवघड नाही. प्रत्येक सरकारी कामाचा पत्ता सरकारी गावातच असावा, ठेका कोणालाही द्या. ज्या शब्दाचं स्पेलिंग लोक तीन तऱ्हेने करतात, त्या तिन्ही पत्त्यांवरून खऱ्याच पानावर पोचता यावं. पैशाच्या मेसेजमध्ये लिंक नसावी. ओटीपीची सूचना ग्राहकाच्या भाषेत असावी. आणि माझ्यासारख्या दुकानांना परवाना देताना एक अट घालावी की ग्राहकाचा कोड दुकानदाराने विचारायचा नाही.

ही अट मी माझ्यापुरती लावून घेतली आहे. कोड यायची वेळ झाली की मी खुर्ची मागे घेतो आणि कीबोर्ड काउंटरवरून पलीकडे सरकवतो. वेळ लागतो. रांगेतले ओरडतात. आकड्यांची कळ शोधता शोधता वेळ संपतो आणि कोड पुन्हा मागवावा लागतो. परवा त्याच पोळ्यांच्या मावशी मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आल्या. फोन वाजला. मी सवयीने हात पुढे केला, तर त्यांनी स्क्रीनवर तळवा ठेवला.

"थांब भाऊ," त्या म्हणाल्या, "आधी कायचा आहे ते वाचून पाहतो. मंग मीच टाकतो."